साखरेच्या तालुक्यातली बिनसाखरेची गोळी

नेवासा तालुक्यात दोन सहकारी साखर कारखाने आहेत, सोनईचा मुळा आणि भेंड्याचा ज्ञानेश्वर. हंगामात नेवासा फाट्यावरून उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस जात असतात. सहकारी साखर कारखान्याचा पहिला यशस्वी प्रयोग याच जिल्ह्यात लोणीला झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या प्रवरा कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. धरणाचं पाणी आलं, पाण्यावर ऊस आला, आणि उसाच्या पैशावर घरं बांधली गेली, मुलं शिकली, लग्नं झाली. आज त्याच घरांत चहा-साखरेच्या डब्यांशेजारी मेडिकलमधून आणलेली एक छोटी डबी असते. वरून दाबलं की एक गोळी कपात पडते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त माणसांना मधुमेह आहे. ही डबी घरोघर दिसते याचं नवल राहिलेलं नाही.

या डबीबद्दल गावात दोन ठाम मतं ऐकू येतात. गोळी घेतली की झालं, साखर बंद म्हणजे शुगर बंद, असं एक मत. गोळी म्हणजे केमिकल, तिच्यानंच शुगर वाढते, त्यापेक्षा गुळाचा चहा बरा, असं दुसरं. दोन्ही मतांनी माणसांचं नुकसान होताना दिसतं, म्हणून हा लेख. पुढचा संवाद रचलेला आहे. त्यातले तात्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले केमिस्ट. डॉक्टर म्हणजे त्यांची पुतणी, फाट्यावर दवाखाना चालवणारी. माणसं कल्पनेतली असली तरी त्यांनी सांगितलेले प्रयोग आणि आकडे खरे आहेत.

डॉक्टर : तात्या, उपाशीपोटीची शुगर १२८ आहे, ती चालण्यासारखी. पण जेवणानंतर दोन तासांची २४८? ही १८० च्या आत हवी.

तात्या : आणि चहात साखरेचा कणसुद्धा नाही. गोळी घालतो.

डॉक्टर : त्या गोळीबद्दलच बोलायचंय. ती सोडा म्हणते मी.

तात्या : का? शुगर तिनं वाढवली?

डॉक्टर : तसं नाही म्हणत.

तात्या : मग गोळीवर खापर कशाला? पोरी, मी आयुष्यभर साखर मोजली. ब्रिक्स, पोल, उतारा, सगळं मोजलं. तुझ्या गोळीचाही हिशेब करून ठेवलाय. सुक्रॅलोज साखरेच्या साधारण ६०० पट गोड असतं. चहात दोन चमचे साखर धरू, म्हणजे १० ग्रॅम. तेवढ्या गोडीला सुक्रॅलोज लागतं १७ मिलिग्रॅमच्या आसपास. ते सगळंच्या सगळं ग्लुकोज झालं असतं, तरी तुझ्या मशीनचा काटा हलला नसता. आणि ते होतही नाही. बहुतेक सगळं आतड्यातून तसंच बाहेर पडतं.

डॉक्टर : हिशेब बरोबर आहे.

तात्या : हे सुक्रॅलोज साखरेपासूनच बनतं, ठाऊक आहे ना? साखरेच्या रेणूवरचे तीन हायड्रॉक्सिल गट काढायचे आणि तिथं क्लोरीन बसवायचा. १९७६ साली लंडनला, टेट अँड लाइल या साखरेच्याच कंपनीबरोबर चाललेल्या कामात ते सापडलं. सापडलं कुणाला, तर शशिकांत फडणीस या आपल्या माणसाला. प्राध्यापक हफ यांनी पदार्थ तपासायला सांगितला, यांना चाखायला सांगितल्यासारखं ऐकू आलं आणि यांनी तो जिभेवर ठेवला, अशी गोष्ट सांगतात. रेणूचा आकार इतका बदलला की आतड्यातलं विकर त्याला फोडू शकत नाही. साखरेला मात्र लगेच फोडतं. ऊस तोडून दोन दिवस उन्हात पडला की साखरेचा उतारा का घसरतो? साखर उलटते, तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. आम्ही कारखान्यात ज्याला घाबरायचो ते आतडं काही मिनिटांत करून मोकळं होतं. सुक्रॅलोजचं ते करू शकत नाही. एवढी साधी रसायनाची गोष्ट आहे.

या मुद्द्यावर तात्यांची बाजू पक्की आहे. २०१८ मध्ये २९ नियंत्रित चाचण्या एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ७४१ माणसांची मोजमापं होती. सॅकरीन, अॅस्पार्टेम, स्टीव्हिया आणि सुक्रॅलोज घेतल्यावर रक्तातली साखर वाढत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ‘गोळीनंच शुगर वाढते’ हे विधान या कसोटीवर टिकत नाही, आणि ते सांगणारे गावातले वडीलधारे कितीही मायेनं सांगत असले तरी ते मान्य करायला नको.

डॉक्टर : गोळी शुगर वाढवत नाही, हे मान्य. माझा प्रश्न पुढचा आहे. ती तुमची शुगर कमी करते का?

तात्या : साखर गेली म्हणजे कमी होणारच.

डॉक्टर : चेन्नईला डॉ. मोहन यांच्या संस्थेत हेच करून पाहिलं. टाइप टू मधुमेहाची माणसं घेतली, आपल्यासारखीच चहा-कॉफीवाली. निम्म्यांना चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रॅलोज दिलं, निम्म्यांची साखर चालू ठेवली. १२ आठवड्यांनी तीन महिन्यांची सरासरी शुगर पाहिली, तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. गोळीवाल्यांचं वजन आणि कमरेचा घेर थोडा कमी झाला, एवढाच फायदा.

तात्या : असं कसं होईल? रोजची ३०-४० ग्रॅम साखर गेली ना?

डॉक्टर : बाकीच्या ताटाकडं बघा. काल दुपारी काय जेवलात?

तात्या : दोन भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी. शेवटी वाटीभर भात-आमटी.

डॉक्टर : आता तुमच्याच भाषेत हिशेब करू. काकूच्या हातची ज्वारीची भाकरी, म्हणजे एकीला ७० ग्रॅम पीठ तरी असणार. त्यात ४५ ते ५० ग्रॅम पिष्ट. दोन भाकऱ्यांचं झालं ९० च्या पुढं. वर भात धरला तर १३० च्या घरात. पिष्ट म्हणजे काय?

तात्या : ग्लुकोजची साखळी. आणि फुटताना पाणी घेते, म्हणून १०० ग्रॅम पिष्टाचं १११ ग्रॅम ग्लुकोज होतं.

डॉक्टर : साखरेचं?

तात्या : निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. फ्रुक्टोज बहुतेक यकृतात अडतं.

डॉक्टर : म्हणजे चहातल्या दोन चमच्यांनी ५ ग्रॅम ग्लुकोज दिलं असतं आणि ताटानं दिलं १४०. तुम्ही पाचावर पहारा बसवलाय आणि १४० ला दार उघडंच आहे.

तात्या थोडा वेळ गप्प राहिले. आयुष्यभर आकड्यांवर विश्वास ठेवलेल्या माणसाला हा आकडा टाळता येण्यासारखा नव्हता. पण रसायनाचा माणूस वाद सहजी सोडत नाही.

तात्या : तरी पाच ते पाचच. चहा दिवसातून चार वेळा होतो. वीस ग्रॅम ग्लुकोज वाचलं की नाही? ताटाचं तू म्हणतेस ते करू, पण त्यासाठी गोळी का सोडू? दोन्ही करता येतं ना?

डॉक्टर : येतं. पण माणसं करत नाहीत. गोळी घेतली की मनाला वाटतं, आपण पथ्य पाळलं. मग भाकरी अर्धी जास्त जाते. सिंगापूरला ३० निरोगी पुरुषांवर एक अभ्यास झाला, २०१७ साली प्रसिद्ध झाला. एकेका दिवशी त्यांना वेगळं पेय दिलं: साखरेचं, अॅस्पार्टेमचं, स्टीव्हियाचं, मंक फ्रूटचं. तासाभरानं जेवायला बसवलं आणि हवं तेवढं खाऊ दिलं. बिनसाखरेचं पेय प्यायलेल्यांनी जेवणात ती कसर भरून काढली. त्या सगळ्या वेळातली एकूण साखर मोजली तर चारही पेयांत फरक उरला नाही.

तात्या : म्हणजे दोष पोटाचा, गोळीचा नव्हे. आणि उलटं दाखवणारा अभ्यासही आहे. अमेरिकेत २०१० साली जेवणाआधी स्टीव्हिया, अॅस्पार्टेम आणि साखर देऊन पाहिली होती. स्टीव्हिया-अॅस्पार्टेमवाल्यांनी जेवताना जास्त खाल्लं नाही, आणि स्टीव्हियावाल्यांची जेवणानंतरची शुगर कमी राहिली. वाचतो मी हे.

डॉक्टर : मग दोन्ही धरू. काही माणसं भरपाई करतात, काही करत नाहीत. तुम्ही कुठल्यातले, हे मला तुमच्या २४८ वरून कळतंय.

डॉक्टरांचा हा शेरा थोडा कठोर आहे, आणि एका रीडिंगवरून एवढा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. २४८ भातामुळे असेल, चुकलेल्या औषधामुळे असेल, रात्रीच्या अपुऱ्या झोपेमुळेही असेल. पण गोळीमुळे मिळणाऱ्या खोट्या निश्चिंतीबद्दल त्या बोलतात ते नेवाशात कुठल्याही लग्नात दिसतं. बासुंदीची दुसरी वाटी घेताना माणूस सांगतो, ‘चहा बिनसाखरेचाच घेतो.’

तात्या : बरं, ते इस्राएलचं काय? आतड्यातल्या जिवाणूंचं? त्यावरून लोक मला रोज घाबरवतात.

डॉक्टर : वाइझमन संस्थेचा २०२२ चा अभ्यास. गोडवे कधीच न घेणारी १२० निरोगी माणसं घेतली. गट पाडले आणि दोन आठवडे पुड्या दिल्या: सॅकरीन, सुक्रॅलोज, अॅस्पार्टेम, स्टीव्हिया. मात्रा ठरलेल्या मर्यादेच्या आतच. सॅकरीन आणि सुक्रॅलोजच्या गटांत ग्लुकोज प्यायल्यानंतरची शुगर आधीपेक्षा जास्त चढायला लागली. अॅस्पार्टेम आणि स्टीव्हियात तसं ठळक दिसलं नाही.

तात्या : पण पुडीत नुसता गोडवा नसतो. वजन भरायला ग्लुकोज घातलेलं असतं. मग वाढ कशानं झाली, ते कसं कळणार?

डॉक्टर : त्यासाठी एका गटाला तेवढंच नुसतं ग्लुकोज दिलं होतं. त्या गटात वाढ दिसली नाही. शिवाय त्या माणसांच्या आतड्यातले जिवाणू जंतुरहित उंदरांत घातले, तर उंदरांतही तसाच बदल दिसला.

तात्या : हं. मग प्रयोग नीट केलाय.

डॉक्टर : नीट आहे, पण छोटा आहे. प्रत्येक गटात २० माणसं, तीही निरोगी, आणि दोनच आठवडे. काहींची शुगर बरीच वाढली, काहींची जवळजवळ नाही. मधुमेह झालेल्या माणसाला हेच लागू पडेल असं त्यावरून म्हणता येत नाही. माझ्या मनात दुसराच प्रयोग घर करून बसलाय. येल विद्यापीठातला, २०२० चा. ४५ तरुण माणसं. एका गटाला सुक्रॅलोजचं पेय दिलं, दुसऱ्याला साखरेचं, तिसऱ्याला सुक्रॅलोज आणि माल्टोडेक्स्ट्रिन एकत्र. दोन आठवड्यांत सात पेयं, एवढंच. नुसत्या सुक्रॅलोजनं काही बिघडलं नाही. माल्टोडेक्स्ट्रिनबरोबर दिलं तेव्हा मात्र इन्सुलिनचं काम मंदावलं.

तात्या : माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे अर्धवट फोडलेलं पिष्टच.

डॉक्टर : म्हणजे बिस्कीट. म्हणजे टोस्ट, खारी, बटर. आपल्याकडं गोळीचा चहा नुसता कोण पितो? सोबत चार बिस्किटं असतातच.

तात्यांनी यावर शंका काढली, आणि ती योग्य होती. ४५ जणांच्या एका प्रयोगावरून चहा-बिस्किटाला गुन्हेगार ठरवता येत नाही. पण बिस्कीट वाईट ठरवायला त्या प्रयोगाची गरजही नाही. मैदा आहे म्हटल्यावर पुढचं सगळं आलं. पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘शुगर फ्री’ लिहिलेलं असलं तरी आतला मैदा तोच. मिठाईच्या दुकानातल्या बिनसाखरेच्या पेढ्यात साखर नसते, पण खव्यातलं लॅक्टोज असतं. बऱ्याच ठिकाणी माल्टिटॉल वापरतात. ते साखरेपेक्षा कमी, पण शुगर वाढवतंच, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडवतं. या वस्तू मधुमेही माणसाला ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून विकल्या जातात, याचा मला संताप येतो. वेष्टणाच्या मागच्या बाजूला कार्बोहायड्रेटचा आकडा छापलेला असतो. पुढची अक्षरं सोडून तो वाचायला हवा, आणि आपल्या आजी-आजोबांना तो वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलानं वाचून दाखवायला हवा.

याच सुमारास काकूंनी चहा आणला. तात्यांचा गोळीचा, डॉक्टरांचा गुळाचा.

डॉक्टर : काकू, गूळ कशाला?

काकू : तुलाही उद्या शुगर व्हायला नको म्हणून. गुळानं होत नाही.

तात्या : हे मात्र तूच सांग तिला. माझं ऐकत नाही. गूळ म्हणजे आटवलेला रस. आम्ही रसातली साखर वेगळी काढून घेतो, गुऱ्हाळावर काढत नाहीत. एवढाच फरक. गुळात बहुतेक साखरच असते, वर थोडं आधीच फुटलेलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज.

काकू : गुळात लोह असतं.

डॉक्टर : असतं, काकू. पण चहाच्या कपातल्या गुळानं मिळणारं लोह नगण्य, आणि चहा ते शोषूही देत नाही. शुगर मात्र साखरेइतकीच वाढते. मधाचंही तसंच. ज्याला मधुमेह नाही त्यानं गूळ चवीसाठी खावा, माझी ना नाही. पण हायवेवर गुळाच्या चहाच्या टपऱ्यांवर पाट्या लावतात ना, ‘शुगरवाल्यांना चालतो’, त्या वाचून माझ्याकडं माणसं २८०-३०० घेऊन येतात.

या बाबतीत चुलत्या-पुतणीचं एकमत आहे आणि माझंही. गोळी आणि गूळ यांत निवड करायची तर मधुमेही माणसाच्या रक्तासाठी गोळी निःसंशय बरी. ‘नैसर्गिक’ या शब्दावर भरवसा ठेवून गेल्या काही वर्षांत गावोगाव जे चाललंय, ते थांबायला हवं.

तात्या : मग तू गोळी सोडा का म्हणतेस? बोलून झालं ना, गुळापेक्षा बरी, साखरेपेक्षा बरी.

डॉक्टर : कारण मला तुमची जीभच कमी गोडावर आणायची आहे. गोळीनं ती होती तिथंच राहते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या मे महिन्यात सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी हे गोडवे वापरू नका.

तात्या : पूर्ण वाच. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती सूचना लागू नाही, हे त्यातच लिहिलंय.

डॉक्टर : लिहिलंय.

तात्या : आणि अॅस्पार्टेमनं कॅन्सर?

डॉक्टर : त्याच वर्षी जुलैमध्ये त्याला ‘शक्यता असू शकते’ अशा गटात टाकलं, पण रोजची मर्यादा आहे तीच ठेवली, वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम. चहातल्या गोळ्यांनी कुणी तिथं पोचत नाही. ती भीती मी घालत नाही. एरिथ्रिटॉलबद्दल मात्र हृदयाच्या अंगानं नवी शंका निघाली आहे, तुम्हाला स्टेंट आहे म्हणून ते टाळा.

तात्या : आता जिभेचं. सत्तरीत जीभ बदलायला सांगतेस? सकाळचा चहा हे माझं एकमेव सुख राहिलंय. ते तू कडू करू नकोस.

यावर डॉक्टरांकडे आकड्यांचं उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते शोधलंही नाही. मला तात्यांचा हा मुद्दा सगळ्यांत खरा वाटतो. जुन्या आजाराचं पथ्य महिनोन्‌महिने पाळायचं असतं. माणसाला त्यात एक कप आनंदाचा मिळत असेल आणि त्यानं रक्ताचं काही बिघडत नसेल, तर तो कप काढून घेण्यात शहाणपण नाही. डॉक्टरांची भीती ताटाबद्दलची आहे. ती ताटातच मिटवायला हवी.

डॉक्टर : बरं, सकाळचा आणि दुपारचा, दोन कप गोळीचे. बाकीचे चहा बंद. पण मग ताटाचं माझं ऐकायचं. आधी उसळ आणि काकडी-कांदा संपवायचा. मग भाकरी, दीड. भात रात्री नको.

तात्या : क्रमानं काय होतं? पोटात सगळं एकच होतं.

डॉक्टर : होत नाही. न्यूयॉर्कला ११ मधुमेही माणसांना तेच जेवण दोन वेळा दिलं. एकदा पाव आणि रस आधी, एकदा भाजी आणि प्रथिनं आधी. भाजी आधी खाल्ली तेव्हा तासाभरानंतरची शुगर ३७ टक्क्यांनी कमी आली. तंतू आणि प्रथिनं आधी गेली की जठर सावकाश रिकामं होतं. आणि जेवल्यावर लगेच कॉटवर आडवं व्हायचं नाही. प्रवरेच्या घाटापर्यंत पंधरा मिनिटं चालून या. पायाचे स्नायू चालताना रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतात, त्याला इन्सुलिनही फारसं लागत नाही.

तात्या : हे पटलं. हे मोजूनही बघता येईल.

डॉक्टर : अजून एक. घरात साखरेचा डबा आहे ना?

काकू : काढून टाकला सगळा. यांच्यासाठी.

डॉक्टर : परत आणा, काकू. आजच.

दोघंही डॉक्टरांकडे बघत राहिले.

डॉक्टर : तात्यांना जी औषधं चालू आहेत त्यातली एक गोळी शुगर खाली आणणारी आहे. जेवण चुकलं, उन्हात मळ्यात जास्त काम झालं, तर शुगर ७० च्या खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस चिडतो, बरळतो. तेव्हा घरच्यांनी घाईघाईनं गोळीचा चहा पाजला, तर शून्य उपयोग. त्यात ग्लुकोज नाहीच. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, तरी कमी असेल तर पुन्हा तेवढीच. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखान्यात आणायचं. मळ्यात जाताना तात्यांच्या खिशात साखरेची पुडी पाहिजे.

काकू लगेच उठल्या. साखरेच्या तालुक्यात, गोदाम भरलेलं असताना, शुगर खाली गेलेल्या माणसाला बिनसाखरेचा चहा पाजला जावा, याहून वाईट काय असेल? वाचकांपैकी ज्यांच्या घरात इन्सुलिन किंवा अशा गोळ्या चालू आहेत, त्यांनी बाकीचा लेख विसरला तरी चालेल, हा परिच्छेद घरच्यांना वाचून दाखवावा.

तात्या : आता माझी अट ऐक. तू अभ्यास सांगितलेस ते सिंगापूरचे, इस्राएलचे. मी नेवाशाचा. माझ्यावर प्रयोग करू. चार सकाळी, तोच नाष्टा, तेवढाच. एके दिवशी चहा साखरेचा, एके दिवशी गुळाचा, एके दिवशी गोळीचा, एके दिवशी नुसता. आधी, एक तासानं, दोन तासांनी, अशी तीन रीडिंग.

डॉक्टर : करा. साखर-गुळाचे दोनच दिवस, म्हणून चालेल. औषध आणि झोप चारही दिवस सारखी. आणि बोट टोचायच्या आधी हात साबणानं धुवून कोरडे करा. गूळ फोडलेल्या हातानं पट्टी लावली तर मशीन तीनशेही दाखवेल.

तात्या : हे मला सांगतेस? फेलिंगच्या द्रावणात किती वर्षं घालवली मी. तांबडा साका आला की फुटलेली साखर आहे म्हणायचं. तुमच्या दवाखान्यात पूर्वी लघवी तपासायला बेनेडिक्टचं निळं द्रावण असायचं, तेही तांब्याचंच. भांडं अस्वच्छ असलं तर रीडिंग वाया.

डॉक्टर : मग सुरुवात परवापासून करा. उद्या एकादशी.

तात्या : उद्या काय अडचण? देवळात पैस खांबाचं दर्शन घेऊन आलो की फराळ. साबुदाण्याची खिचडी आणि गोळीचा चहा. उपासच असतो.

डॉक्टर : तात्या, मधुमेह आहे की नाही हे पाहायला आम्ही माणसाला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजतो. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. काकू भरून देतात ती प्लेट, बटाट्यासकट, त्या ७५ च्या आसपासच जाते. शेंगदाण्याच्या कुटानं थोडी मंद होते, एवढंच.

तात्या : म्हणजे उपासाला मी तुमची टेस्टच देतो म्हण की. मग पहिलं रीडिंग उद्याचंच घेऊ.

डॉक्टर : घ्या. पण अर्धीच प्लेट.

तात्या : नाही, पूर्ण. दर एकादशीला खातो तेवढीच. नमुना आपणच बदलला तर रीडिंगला अर्थ काय? पुढच्या एकादशीला अर्धी खाऊ, आणि तीही मोजू.

डॉक्टर : ठीक आहे. पहिला घास घेतला ती वेळ लिहून ठेवा. दोन तास तिथून धरायचे, ताट उचलल्यापासून नाही.